रीझनला 'फॉर', मग कॉजला 'ऑफ' का?

वाचकाचं पत्र

ताई, माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालं. आता नोकरीत दिवसभर इंग्रजीतून पत्रं लिहावी लागतात. काळ, वचन, स्पेलिंग यांत सहसा चूक होत नाही. गाडी अडते ती नामाला जोडायच्या प्रिपोझिशनपाशी. मध्यंतरी मी 'द रीझन ऑफ द डिले' असं लिहिलं. आमच्या वरिष्ठांनी 'ऑफ' खोडून 'फॉर' केलं. मी ते डोक्यात पक्कं बसवलं आणि पुढच्या पत्रात आठवणीने 'द कॉज फॉर द डिले' लिहिलं, तर त्यांनी 'फॉर' खोडून 'ऑफ' केलं! का, असं विचारलं तर म्हणाले, "असंच असतं." तेव्हापासून प्रत्येक नामापुढे हात थबकतो. याला काही नियम आहे का? नसेल तर सरळ यादी द्या, मी पाठ करेन. सोबत एका पत्राचा मसुदा देते, तोही बघाल का?

'इन रिस्पॉन्स टू युवर लेटर, वी ॲग्री दॅट देअर इज ॲन इन्क्रीज ऑफ कम्प्लेंट्स फ्रॉम कस्टमर्स अबाउट अवर सर्व्हिस. द सोल्यूशन ऑन धिस प्रॉब्लेम इज बेटर कोऑर्डिनेशन विथ द सप्लायर. वी हॅव फुल ट्रस्ट ऑन अवर टीम.'

उत्तर

तुमच्या वरिष्ठांनी दोन्ही वेळा दुरुस्ती बरोबरच केली. पण 'असंच असतं' एवढ्यावर तुमची बोळवण व्हायला नको होती, कारण त्या दोन खोडांमागे सांगण्यासारखं बरंच आहे. यादी मी देणार नाही. देता येत नाही म्हणून नाही. पाठ केलेली यादी लिहिताना आठवत नाही, आणि आठवलीच तर 'रीझन'चं 'फॉर' उचलून 'कॉज'ला चिकटवलं जातं. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आधी ही चूक येते कुठून ते पाहू. 'द रीझन ऑफ द डिले' लिहिताना तुमच्या मनात 'उशिराचं कारण' होतं. त्यातल्या 'चं'चं तुम्ही 'ऑफ' केलंत. शाळेत आपल्याला तेच तर शिकवलं होतं: चा, ची, चे म्हणजे ऑफ. माझ्या मते मराठी माणसाच्या इंग्रजी प्रिपोझिशनच्या चुकांतला सर्वांत मोठा वाटा या एका समीकरणाचा आहे. आपली षष्ठी फार मोठ्या मनाची आहे. उशिराचं कारण, मदतीची गरज, मालाची मागणी, नोकरीचा अर्ज, प्रश्नाचं उत्तर, दाराची किल्ली, उंचीची भीती, कामाचा अनुभव, देशाचा अभिमान या सगळ्यांना ती एकाच प्रत्ययात सामावून घेते. इंग्रजी मात्र इथे हिशोब वेगवेगळे ठेवते. रीझन फॉर, नीड फॉर, डिमांड फॉर, ॲप्लिकेशन फॉर. आन्सर टू, की टू. फिअर ऑफ, एक्स्पीरिअन्स ऑफ. आणि अभिमानाला चक्क 'इन': प्राइड इन. एका 'चा'ची चार रूपं.

मग मनात 'चा' आला की कोणतं रूप घ्यायचं? इथे थोडा विचार कामाला येतो. गरज, मागणी, अर्ज, विनंती, इच्छा, शोध ही नामं नीट पाहा. या सगळ्यांत माणूस हातात नसलेल्या गोष्टीकडे तोंड करून उभा आहे. अशा नामांना इंग्रजीत सहसा 'फॉर' लागतं: नीड फॉर हेल्प, डिमांड फॉर वॉटर, रिक्वेस्ट फॉर लीव्ह, डिझायर फॉर पीस, सर्च फॉर ट्रूथ. मराठीत 'च्यासाठी' घालून पाहिलंत तर बहुतेक वेळा ते बसतंही. नोकरीसाठी अर्ज, रजेसाठी विनंती. तोंडात 'चा' आला आणि 'साठी'ही चालतोय असं दिसलं, की 'फॉर'ची शक्यता दाट समजा.

उत्तर, प्रतिक्रिया, किल्ली, आमंत्रण, धोका, विरोध, पर्याय, अपवाद यांचा स्वभाव वेगळा. यांत एक गोष्ट दुसरीच्या समोर येऊन ठाकलेली असते, तिला जाऊन भिडते किंवा तिच्यात बरोबर बसते. किल्ली कुलपात बसते, उत्तर प्रश्नात बसतं. म्हणून आन्सर टू द क्वेश्चन, रिअ‍ॅक्शन टू द न्यूज, इन्व्हिटेशन टू द वेडिंग, थ्रेट टू हेल्थ, ऑपोझिशन टू द प्लॅन, ऑल्टरनेटिव्ह टू पेट्रोल, एक्सेप्शन टू द रूल. आणि जिथे खरोखर मालकी, अंश किंवा जन्मदात्याचं नातं असतं तिथे 'ऑफ': पार्ट ऑफ, ओनर ऑफ, रिझल्ट ऑफ.

आता तुमच्या दोन खोडांकडे येते.

'कॉज' म्हणजे जे घडवतं ते. आग लागली, तिचं कॉज ठिणगी. ठिणगीने आगीला जन्म दिला, त्यात कुणाचं मत किंवा समर्थन येत नाही. आईचं मुलाशी जे नातं ते कॉजचं परिणामाशी, म्हणून मदर ऑफ तसं कॉज ऑफ. 'रीझन' ही माणसाच्या डोक्यातली गोष्ट. कुणीतरी विचारतं, 'उशीर का?' आणि आपण काहीतरी पुढे करतो. ते त्या उशिरासाठी दिलेलं स्पष्टीकरण असतं, म्हणून रीझन फॉर. तुमच्या पत्रात दोन्ही शब्द चालले असते, पण दोघांनी तुमची बाजू वेगवेगळी मांडली असती. 'कॉज ऑफ द डिले' म्हणजे मशीन बंद पडलं. 'रीझन फॉर द डिले' म्हणजे आम्ही थांबायचं ठरवलं, ते का.

हे एकदा ध्यानात आलं की पुढची गोष्ट आपोआप उलगडते. इंग्रजी वाचताना 'कॉज फॉर कन्सर्न' किंवा 'कॉज फॉर कम्प्लेंट' तुम्हाला नक्की भेटेल. ती चूक नाही. तिथे कॉज घडवण्याचं काम करतच नाही. काळजी करायला सबळ आधार आहे, तक्रारीला जागा आहे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे कॉजने तिथे रीझनचा अर्थ घेतला आणि त्याबरोबर रीझनचं प्रिपोझिशनही घेतलं. उलट बाजूने 'फॉर रीझन्स ऑफ सिक्युरिटी' हेही शुद्ध इंग्रजी आहे. मराठीत दोन्हीकडे षष्ठीच येते, 'उशिराचं कारण' आणि 'सुरक्षेचं कारण'. पण पहिल्यात उशीर ही समजावून सांगायची गोष्ट आहे, दुसऱ्यात सुरक्षा हेच कारण आहे. इंग्रजीने हा फरक प्रिपोझिशनवर सोपवला, आपण तो संदर्भावर सोडला. तेव्हा 'रीझन ऑफ' हे शब्द शेजारी दिसले म्हणून सरसकट लाल रेघ ओढू नका. त्या 'ऑफ'पुढे काय आलंय ते आधी पाहा.

हा सगळा प्रकार परका वाटत असेल तर जरा आपल्या भाषेकडे वळून बघा. माझ्याकडे मराठी शिकायला येणाऱ्या एका इंग्रजीभाषक बाईंनी एकदा वहीत लिहिलं होतं, 'मी त्याला लग्न केलं.' इंग्रजीत 'मॅरी'ला काहीच लागत नाही, म्हणून त्यांनी सरळ कर्म जोडलं. मी 'त्याच्याशी' अशी दुरुस्ती केल्यावर त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं, 'मी त्याच्याशी प्रेम करते.' तीही चूकच. प्रेम 'त्याच्यावर'. मग आदर? 'त्याच्याबद्दल'. भीती? 'त्याची'. कंटाळा? 'त्याचा'. विश्वास? 'त्याच्यावर'. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि राग?" त्या क्षणी मला कळलं की आपणही यातलं काहीच कुणाला विचारून शिकलेलो नाही. राग तर दोन्ही घेतो. 'मला तिचा राग आला' म्हणजे आत्ता, या बोलण्यावरून. 'माझा तिच्यावर राग आहे' म्हणजे तो मनात धरून ठेवलेला आहे. प्रत्यय बदलला की रागाचं वय बदलतं. कॉज ऑफ आणि कॉज फॉर यांत हेच चाललंय. आपल्याला विश्वासाबरोबर 'वर' आणि भीतीबरोबर 'ची' आपसूक येतं, कारण ते शब्द आपण सुटे कधी ऐकलेच नाहीत. 'तुझ्यावर विश्वास आहे' असंच कानावर पडलं. इंग्रजी नामं मात्र आपण शब्दार्थांच्या वहीतून सुटी उचलली. 'रीझन म्हणजे कारण' लिहिलं आणि पुढे गेलो. तिथेच त्याचं शेपूट तुटलं.

मराठी दर वेळी दगा देते असं मात्र मुळीच नाही. आपली सप्तमी तर सच्ची सोबतीण आहे. वाढ, घट, बदल, सुधारणा, फरक, रस या नामांआधी मराठीत 'त' किंवा 'मध्ये' येतं. किमतीत वाढ, तापमानात घट, स्वभावात बदल, तब्येतीत सुधारणा, संगीतात रस. इंग्रजीतही अगदी तसंच 'इन' येतं: राइज इन प्राइसेस, ड्रॉप इन टेम्परेचर, चेंज इन बिहेविअर, इम्प्रूव्हमेंट इन हेल्थ, इंटरेस्ट इन म्युझिक. एका वाक्यात तर दोन्ही विभक्त्या एकदम जुळतात. 'किमतीत दहा टक्क्यांची वाढ' म्हणजे 'ॲन इन्क्रीज ऑफ टेन पर्सेंट इन द प्राइस'. कशात वाढ, तिथे इन. केवढ्याची वाढ, तिथे ऑफ. आपण अडखळतो ते वाक्य घाईत 'किमतीची वाढ' असं मनात आल्यावर. तेव्हा लिहिण्याआधी मराठी वाक्यच जरा चांगलं करून घ्या. हे मी फार मनापासून सांगते आहे. निम्म्या वेळा इंग्रजीची चूक आपल्या ढिल्या मराठीतून सुरू होते.

'वर'चं अर्धंच भरवशाचं आहे. वजन, जोर किंवा अडसर वरून येऊन पडतोय अशी कल्पना असेल तर वर म्हणजे ऑन: इफेक्ट ऑन, प्रेशर ऑन, एम्फसिस ऑन, बॅन ऑन, टॅक्स ऑन, अटॅक ऑन. परिणाम, दबाव, भर, बंदी, कर, हल्ला, सगळे आपल्याकडेही 'वर'च येतात. पण विश्वास वरून पडत नाही. तो इंग्रजीत माणसाच्या आत ठेवला जातो, म्हणून ट्रस्ट इन, फेथ इन, कॉन्फिडन्स इन, बिलीफ इन. उपाय हा समस्येत किल्लीसारखा बसतो, म्हणून सोल्यूशन टू. टीका 'ऑफ' घेते. ताबा, सत्ता आणि विजय यांना 'ओव्हर' शोभतं, कारण त्यांत एकजण दुसऱ्याच्या वरचढ असतो. 'सोल्यूशन ऑन', 'ट्रस्ट ऑन' आणि 'क्रिटिसिझम ऑन' या तिन्ही जोड्या आपल्याकडे इतक्या पिकल्या आहेत की त्या तेवढ्या दुरुस्त केल्या तरी पत्र बरंच सुधारतं.

'शी' बहुधा 'विथ' होतं: कॉन्टॅक्ट विथ, रिलेशनशिप विथ. लग्नाला मात्र 'टू', मॅरेज टू. 'कडून अपेक्षा'चं आपण 'एक्स्पेक्टेशन्स फ्रॉम' करतो, इंग्रजी कोश तिथे 'ऑफ' देतात. कॉलेजात प्रवेश म्हणून 'ॲडमिशन इन' नको, 'ॲडमिशन टू' हवं.

दुसरी एक खोच तुमच्या पत्रात नाही, पण येत्या पत्रांत ती येणारच. इंग्रजीत बरीच क्रियापदं कर्माला थेट भिडतात, आणि तोच शब्द नाम झाला की त्याला मध्ये कुणीतरी लागतं. 'डिमांड ॲन अपॉलॉजी', पण 'अ डिमांड फॉर ॲन अपॉलॉजी'. 'व्हिजिट द म्युझियम', पण 'अ व्हिजिट टू द म्युझियम'. 'अटॅक द टाउन', पण 'ॲन अटॅक ऑन द टाउन'. 'डिस्कस द मॅटर', पण 'अ डिस्कशन ऑफ' किंवा 'अबाउट द मॅटर'. 'डिस्कस अबाउट' ही जी सर्रास चूक होते ती याच गोंधळातून. नामाचं शेपूट क्रियापदाला लावलं जातं. इथे एक ठोकताळा उपयोगी पडतो. क्रियापदाला 'शन', 'मेंट', 'अल' असं काही जोडून नाम तयार झालं असेल आणि मूळ क्रियापद थेट कर्म घेत असेल, तर 'ऑफ'वर बऱ्यापैकी विसंबता येतं: ट्रान्सलेशन ऑफ द लेटर, ट्रीटमेंट ऑफ द डिसीज, रिमूव्हल ऑफ द ट्री. पण नाम आणि क्रियापद दिसायला एकच असतील, जसं डिमांड, अटॅक, आन्सर, व्हिजिट, इन्फ्लुअन्स, तर 'ऑफ' लिहिण्याआधी थांबा. तिथे सहसा दिशा दाखवणारं काहीतरी लागतं. याला अपवाद आहेतच. लॅक ऑफ, यूज ऑफ आणि फिअर ऑफ हे दुसऱ्या गटातले असून 'ऑफ' घेतात, आणि इन्व्हिटेशनला 'शन' असून 'टू' लागतं.

क्रियापदाला आधीच प्रिपोझिशन असेल तर नामाला बहुतेक तेच मिळतं. डिपेंड ऑनचं डिपेन्डन्स ऑन, ऑब्जेक्ट टूचं ऑब्जेक्शन टू, अप्लाय फॉरचं ॲप्लिकेशन फॉर. विशेषणांवर मात्र असा भरवसा ठेवू नका. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फॉन्ड ऑफ, पण फॉन्डनेस फॉर.

एका नामाला एकच प्रिपोझिशन असतं ही समजूतही सोडून द्या. 'पेमेंट' हा तुमच्या रोजच्या वापरातला शब्द घ्या. पेमेंट ऑफ ड्यूज, पेमेंट फॉर द रिपेअर्स, पेमेंट टू द काँट्रॅक्टर, पेमेंट बाय चेक, पेमेंट इन कॅश. पाच प्रिपोझिशन्स आणि पाचही बरोबर, कारण पाच वेगवेगळ्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत: काय चुकतं केलं, कशाबद्दल, कुणाला, कशाने, कोणत्या रूपात. 'ॲप्लिकेशन'चंही तसंच. अर्ज कशासाठी ते 'फॉर' सांगतं, कुणाकडे ते 'टू', आणि 'ॲप्लिकेशन ऑफ' म्हटलं की तो अर्ज राहतच नाही, नियम लागू करणं किंवा रंग लावणं होतं. 'टेस्ट' मला विशेष आवडतो. टेस्ट ऑफ ही जिभेवरची चव, टेस्ट फॉर ही एखाद्या गोष्टीची ओढ, टेस्ट इन ही निवडीतली अभिरुची. 'शी हॅज गुड टेस्ट इन बुक्स' मध्ये 'इन'च्या जागी 'ऑफ' गेलं, तर बाई पुस्तकं चाखायला लागतात.

खुद्द 'ऑफ'बद्दल एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण देवनागरीत एका एफचं 'ऑफ' आणि दोन एफचं 'ऑफ' सारखंच लिहितो, आणि मुळात ते खरोखर एकच होते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पासून, दूर' असा होता. पुढे त्याची दोन रूपं झाली. दोन एफवाल्याने 'दूर' हा अर्थ ठेवला, आणि एका एफवाल्याने लॅटिन आणि फ्रेंच भाषांतरांच्या संगतीने संबंध दाखवण्याचं काम उचललं. 'विथ'ही तसंच. जुन्या इंग्रजीत ते 'विरुद्ध' होतं, म्हणून आजही भांडण आणि युद्ध 'विथ' केलं जातं. शब्दांची ही जुनी आयुष्यं माहीत असली की विचित्र वाटणाऱ्या जोड्याही लक्षात राहतात.

नामाच्या आधी येणाऱ्या प्रिपोझिशनबद्दल थोडक्यातच सांगते, तुमचा प्रश्न मुख्यतः तो नव्हता. ऑन टाइम म्हणजे ठरल्या वेळेला, इन टाइम म्हणजे उशीर व्हायच्या आत. ॲट द एंड नंतर बहुधा 'ऑफ' येतं, इन द एंड म्हणजे 'शेवटी एकदाचं'. फांद्यांत बसलेला पक्षी इंग्रजीत 'इन द ट्री' असतो, आपल्याकडे झाडावर. आणि 'ॲट द वीकेंड' वाचलंत तर लिहिणारा ब्रिटिश वळणाचा, 'ऑन द वीकेंड' असेल तर अमेरिकन. दोन्ही बरोबर, फक्त एका पत्रात एकच वळण ठेवा.

आता रोज काय करायचं ते. शंका आली की कोश उघडा, पण प्रिपोझिशन शोधायला 'ऑफ' किंवा 'फॉर'च्या नोंदीत शिरू नका, तिथे माणूस हरवतो. नामाची नोंद उघडा. आणि कोश शिकणाऱ्यांसाठी केलेला हवा. मातृभाषकांच्या कोशात अर्थ मिळतो, शेपूट मिळेलच असं नाही. कारण त्यांना त्याची गरज नसते, जशी आपल्याला 'विश्वास'पुढे 'वर' लिहून ठेवायची नसते. ही उणीव जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्या ध्यानात आली. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. शब्दाचा अर्थ काय यापेक्षा शब्द वाक्यात कसा चालतो याला त्यात मान होता. आजचा ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा मोठा कोश त्याच झाडाचा. १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली कोबिल्ड हा कोश आला. तो प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या प्रचंड साठ्यावरून रचलेला होता. अशा कोशांत 'रीझन'च्या अर्थाशेजारीच 'फॉर' ठळक छापलेलं असतं. आपली नजर अर्थ मिळाला की तिथून निघून जाते. ती आणखी दोन ओळी तिथेच ठेवायची.

कोशाने समाधान झालं नाही तर भाषेचे मोठे साठे चाळता येतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत. पण तिथे नुसता आकडा पाहून निकाल देऊ नका. 'रीझन्स ऑफ' शोधलंत तर खंडीभर ओळी येतील आणि 'मी बरोबर होते' असं वाटेल. ओळी वाचल्यावर कळेल की त्यांत 'सिक्युरिटी', 'स्पेस', 'हेल्थ' असली कारणंच पुढे आली आहेत. 'डिले' तिथे नाही.

आणि एक वही करा. तिच्यात नाम एकटं लिहायचं नाही. 'नीड' नाही, 'नीड फॉर' लिहायचं, आणि खाली तुमच्या कामातलं एक वाक्य, पुस्तकातलं नव्हे. त्याखाली मराठी वाक्य लिहून त्यातला प्रत्यय वेगळ्या रंगाने अधोरेखित करायचा. प्रत्यय आणि प्रिपोझिशन जुळत नाहीत तिथे समासात फुली मारा. माझा अनुभव सांगते, महिन्याभरात फुल्यांची जी पानं होतात तेवढाच खरा अभ्यास उरतो. बाकीचं तुमच्या मराठीने आधीच सांभाळलेलं असतं.

लिहिताना वेळ नसेल आणि कोशही हाताशी नसेल, तर वाक्य वळवा. 'द कॉज ऑफ द डिले वॉज' जमत नसेल तर 'द डिले हॅपन्ड बिकॉज' लिहा. 'इन्क्रीज'पुढे अडलात तर 'प्राइस इन्क्रीज' म्हणा, किंवा 'प्राइसेस हॅव इन्क्रीज्ड'. ही पळवाट नव्हे. क्रियापद आलं की वाक्य बहुधा अधिक सुटसुटीत होतं, आणि कार्यालयीन पत्रांत नामांची गर्दी तशीही फार असते.

तुमच्या मसुद्यात नामांना जोडलेली सात प्रिपोझिशन्स आहेत. रिस्पॉन्स टू, कम्प्लेंट्स फ्रॉम, मग त्याच तक्रारींचं अबाउट, आणि कोऑर्डिनेशन विथ ही चार तुम्ही कुणालाही न विचारता बरोबर लिहिलीत. उरलेल्या तीन जागा आता तुम्हीच ओळखल्या असतील. 'तक्रारींची वाढ' मनात आली म्हणून 'ऑफ' पडलं. 'तक्रारींमध्ये वाढ' म्हणा, 'इन' हाताशी येईल. 'समस्येवर उपाय' आणि 'टीमवर विश्वास' या दोन्ही ठिकाणी 'वर'ने फसवलं. पत्र असं पाठवा:

'इन रिस्पॉन्स टू युवर लेटर, वी ॲग्री दॅट देअर हॅज बीन ॲन इन्क्रीज इन कम्प्लेंट्स फ्रॉम कस्टमर्स अबाउट अवर सर्व्हिस. द सोल्यूशन टू धिस प्रॉब्लेम इज बेटर कोऑर्डिनेशन विथ द सप्लायर. वी हॅव फुल ट्रस्ट इन अवर टीम.'

'देअर इज'चं 'देअर हॅज बीन' मी केलं, कारण तक्रारी आतापर्यंत वाढत आल्या आहेत. बाकी शब्द तुमचेच आहेत.